नंबर कुठल्या रकान्यात आहे, हेच माहीत नसतं तेव्हा

समजा, तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था आहे. सभासद १८ हजार. सगळ्यांची माहिती एकाच टेबलमध्ये: सभासद क्रमांक, नाव, पत्ता, मोबाईल, वारसदार, जामीनदार, त्यांचे मोबाईल, थकबाकी, दाखल तारीख आणि सगळ्यात शेवटी 'शेरा'. एकूण ४२ कॉलम. सकाळी संस्थेच्या फोनवर एक मेसेज येतो: "हप्ता भरला आहे, पावती पाठवा." खाली नाव नाही. परत फोन लावला तर तो बंद. लिपिकाकडे आता फक्त एक नंबर आहे. तो मोबाईलच्या कॉलममध्ये शोधतो, सापडत नाही. जामीनदाराच्या मोबाईलमध्ये शोधतो, तिथेही नाही. मग तो संगणकवाल्याला म्हणतो, "अहो, कुठल्या रकान्यात आहे ते मला काय माहीत? सगळ्या टेबलात शोधा ना!"

मागणी अगदी साधी वाटते. एक्सेलमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं, नंबर टाकला की झालं. डेटाबेसमध्ये मात्र असं बटण नसतं. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्यात सिलेक्ट या शब्दापुढे स्टार लिहिला की सगळे कॉलम समोर येतात. मग अट सांगणाऱ्या व्हेअर या शब्दापुढे स्टार लिहून 'कुठल्याही कॉलममध्ये हा नंबर' असं का म्हणता येऊ नये? एसक्यूएल शिकताना हा प्रश्न पुष्कळांना पडतो. माझ्या मते तो पडायलाच हवा, कारण टेबल म्हणजे नक्की काय, हे त्याच्या उत्तरातून कळतं.

एडगर कॉड हे आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करायचे. १९७० साली त्यांनी एका शोधनिबंधात आजच्या बहुतेक डेटाबेसचा पाया घातला. त्यांच्या मांडणीत प्रत्येक कॉलमचं एक क्षेत्र ठरलेलं असतं: या कॉलममध्ये याच प्रकारच्या किमती (घरात भरलेला आकडा, नाव, तारीख, काहीही) येणार. टेबलमधली प्रत्येक ओळ हे एक विधान असतं. 'अमुक क्रमांकाच्या सभासदाची थकबाकी ५००० रुपये आहे.' यातला ५००० हा आकडा सुटा काढला तर त्याला काहीच अर्थ उरत नाही. थकबाकीच्या कॉलममध्ये तो रुपये असतो, सभासद क्रमांकाच्या कॉलममध्ये तोच आकडा एक माणूस असतो. आकड्याला अर्थ देतं ते कॉलमचं नाव. 'कुठल्याही कॉलममध्ये शोध' असं म्हणतो तेव्हा आपण नेमका तो अर्थच बाजूला ठेवत असतो. एक्सेलला याचं काही वाटत नाही, कारण त्याच्या लेखी ते चौकोन आहेत. डेटाबेसच्या लेखी ती विधानं आहेत.

म्हणून असा शोध घ्यायचाच नाही, असं मी म्हणणार नाही. अडचणीच्या वेळी तो घ्यावाच लागतो. फक्त आपण काय बाजूला ठेवतोय याची जाणीव असली, की पुढचे खड्डे आधीच दिसतात.

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे एकेक कॉलम लिहून मध्ये 'ऑर' टाकत जाणं: मोबाईल हा आहे, किंवा जामीनदाराचा मोबाईल हा आहे, किंवा… यालाच एक सुटसुटीत रूप आहे आणि ते फार जणांना सुचत नाही. 'इन' हा शब्द आपण नेहमी 'हा कॉलम या किमतींपैकी एक आहे का' अशा अर्थी वापरतो. तो उलटाही चालतो. डावीकडे शोधायची किंमत लिहायची आणि उजवीकडच्या कंसात कॉलमची नावं. 'ही किंमत या कॉलमांपैकी एकात आहे का?' पाच-सहा कॉलम असतील तर याहून चांगलं काही नाही. वाचणाऱ्यालाही लगेच समजतं.

पण कंसात सगळे ४२ कॉलम कोंबले की पहिला खड्डा येतो, प्रकारांचा. काही कॉलम मजकुराचे आहेत, काही आकड्यांचे, काही तारखांचे. पोस्टग्रेस हा डेटाबेस अशा वेळी सरळ चूक दाखवून थांबतो, आणि ते बरंच आहे. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस मात्र मजकुराची आकड्याशी तुलना करायची वेळ आली की मजकुराचा आकडा करून बघतो. 'पाटील' या शब्दाचा आकडा काय होणार? शून्य. म्हणजे तुम्ही सगळ्या कॉलमांमध्ये 'पाटील' बरोबरीने शोधलंत आणि त्यात थकबाकीचाही कॉलम असला, तर ज्यांची थकबाकी शून्य आहे ते सगळे सभासद पाटील म्हणून समोर येतील. चूक दाखवली जात नाही, हिशेब बरोबर वाटतो आणि यादी खोटी निघते. उपाय असा की प्रत्येक कॉलमचं आधी मजकुरात रूपांतर करायचं आणि मग तुलना करायची.

दुसरा खड्डा रिकाम्या घरांचा. डेटाबेसमध्ये नल म्हणजे 'माहीत नाही'. शोधताना त्याचा फारसा त्रास होत नाही, कारण एका कॉलममध्ये नंबर सापडला की बाकीचे कॉलम माहीत नसले तरी उत्तर 'हो' असंच येतं. त्रास होतो तो उलट प्रश्नाला. 'हा नंबर ज्यांच्या कुठल्याच कॉलममध्ये नाही असे सभासद द्या' असं विचारलंत आणि एखाद्याचा एक जरी कॉलम नल असला, तर डेटाबेस म्हणतो, 'त्या घरात काय आहे ते मला माहीत नाही, मग कुठेच नाही असं मी कसं सांगू?' तो सभासद यादीतून गळतो. ४२ कॉलमांच्या टेबलमध्ये प्रत्येकाचं एखादं तरी घर नल असतंच, त्यामुळे यादी कधीकधी पूर्ण रिकामी येते.

कॉलम मोजत बसण्यापेक्षा सगळे कॉलम एकत्र शिवून एकच लांब मजकूर करावा आणि त्यात शोधावं, हा पुढचा विचार. मायएसक्यूएलमध्ये यासाठी कॉनकॅट नावाचं फंक्शन आहे, पण त्यात एक कॉलम नल निघाला तर अख्खा मजकूरच नल होतो. त्याचं भावंड कॉनकॅट-डब्ल्यूएस नल सोडून देतं आणि दोन कॉलमांच्या मध्ये आपण सांगू ते चिन्हही घालतं. ते चिन्ह फार महत्त्वाचं आहे. समजा आपण ४४०१७ शोधतोय. एका सभासदाचा मोबाईल ४४ ने संपतो आणि पुढच्या कॉलममधला मजकूर ०१७ ने सुरू होतो. दोन्ही चिकटले की ४४०१७ तयार झालं, जे त्या सभासदाच्या माहितीत कुठेच नव्हतं! म्हणून मध्ये उभी रेघ किंवा असं चिन्ह टाकावं, जे माहितीत येणारच नाही. पोस्टग्रेसमध्ये तर पूर्ण ओळच एका फटक्यात मजकुरात बदलता येते, कॉलमची नावंही लिहावी लागत नाहीत. घाईच्या वेळी मी तेच करतो.

या सगळ्या पद्धतींमध्ये एक उणीव राहते. ओळ सापडते, पण नंबर त्या ओळीतल्या कुठल्या कॉलममध्ये होता ते कळत नाही. आपल्या लिपिकाला तर नेमकं तेच हवंय. नंबर सभासदाचा, जामीनदाराचा की वारसदाराचा, यावर पावती कोणाला पाठवायची ते ठरणार. इथे मला सगळ्यात आवडणारी युक्ती येते: आडवं टेबल उभं करायचं. एका सभासदाची ४२ कॉलमांची एक ओळ मोडून ४२ छोट्या ओळी करायच्या आणि प्रत्येकीत तीनच गोष्टी ठेवायच्या: सभासद क्रमांक, कॉलमचं नाव, किंमत. मग एकाच कॉलममध्ये, म्हणजे किमतीच्या, शोधायचं. उत्तर येतं ते असं: सभासद अमुक, कॉलम 'शेरा', किंमत 'नवीन मो. नं. …'. पोस्टग्रेसमध्ये ओळीचं जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर) करून त्याचे तुकडे पाडले की हे होतं, कॉलम कितीही असोत. एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल या आणखी दोन डेटाबेसमध्ये याच कामासाठी अनपिव्हट नावाची सोय आहे. तिथे मात्र सगळ्या कॉलमांचा प्रकार आधी एकसारखा करून घ्यावा लागतो. गंमत बघा, कॉलमचं नाव इथे स्वतःच एक किंमत झालं. मघाशी बाजूला ठेवलेला अर्थ आपण असा परत मिळवला.

कॉलमची नावं टेबलमध्ये बघून हाताने लिहायची नसतील तर ती डेटाबेसलाच विचारता येतात. कॉड यांनी १९८५ मध्ये खऱ्या रिलेशनल, म्हणजे टेबलांवर उभ्या, डेटाबेससाठी नियम मांडले. त्यांतल्या चौथ्याचा आशय असा: डेटाबेसच्या रचनेची माहितीसुद्धा साध्या माहितीसारखीच टेबलांत असावी आणि त्याच भाषेत विचारता यावी. आज मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये इन्फर्मेशन स्कीमा नावाचं दालन असतं, त्यात कुठल्या टेबलला कुठले कॉलम आणि त्यांचे प्रकार कोणते, हे सगळं मिळतं. ओरॅकलमध्ये तेच वेगळ्या नावाने असतं. तिथून नावं घ्यायची, त्यांतून शोधाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, मजकूर म्हणून तयार करायची आणि तो मजकूर चालवायचा, याला डायनॅमिक एसक्यूएल म्हणतात. एका टेबलऐवजी अख्ख्या डेटाबेसमधली सगळी टेबलं पालथी घालायची असतील तर हाच मार्ग.

अशी क्वेरी जोडताना एक पथ्य मात्र कधीच मोडू नये. शोधायची किंमत क्वेरीच्या मजकुरात चिकटवायची नाही. ती पॅरामीटर म्हणून, म्हणजे क्वेरीच्या मजकुराबाहेरून, वेगळी द्यायची. वसईतल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या डि'सोझा आडनावाच्या सभासदाला शोधून बघा. आडनावाच्या मधल्या त्या चिन्हाला डेटाबेस मजकुराचा शेवट समजतो आणि क्वेरी तिथेच मोडते. भोळ्या आडनावाने जे चुकून होतं, तेच एखादा जाणूनबुजून करतो तेव्हा त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, आणि त्यात टेबलच्या टेबल जाऊ शकतं. कॉलमची नावं पॅरामीटर म्हणून देता येत नाहीत, म्हणून ती इन्फर्मेशन स्कीमातूनच घ्यावीत आणि डेटाबेसच्या स्वतःच्या फंक्शनने अवतरणात टाकून वापरावीत. अर्धवट जुळणीसाठी 'लाईक' हा शब्द वापरून शोधताना टक्क्याचं चिन्ह (म्हणजे 'इथे काहीही चालेल') आणि अधोरेखा यांना खास अर्थ असतो, हेही ध्यानात ठेवावं. ईमेलमधली अधोरेखा 'कुठलंही एक अक्षर' म्हणून वाचली जाते आणि नको ते पत्तेही जुळतात.

आता वेग. १८ हजार ओळी आणि ४२ कॉलम म्हणजे ७ लाख ५६ हजार घरं. सगळी उघडून बघावी लागतात, तरी आजच्या संगणकाला हे जड नाही. एखाद्या वेळेला चालून जातं. ओळी कोटीत गेल्या की मात्र दम लागतो. एरवी डेटाबेस इतका झटपट शोधतो तो इंडेक्समुळे. लावून ठेवलेल्या यादीत मधोमध बघायचं, अर्धी यादी सोडून द्यायची, उरलेल्या अर्धीत पुन्हा मधोमध बघायचं. असं करत १८ हजारांतली हवी ती नोंद जास्तीत जास्त १५ पायऱ्यांत मिळते. डेटाबेसची इंडेक्स एकेका पायरीला दोनऐवजी शेकडो फाटे फोडते, म्हणून पायऱ्या आणखी कमी. पण ही यादी सुरुवातीच्या अक्षरावरून लावलेली असते. जिल्ह्यांच्या वर्णानुक्रमी यादीत 'सो'ने सुरू होणारं नाव चटकन सापडतं. 'पूर'ने संपणारी नावं शोधायची तर कोल्हापूर, चंद्रपूर, नागपूर, सोलापूर यांसाठी पूर्ण यादी वाचावी लागते. दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून केलेला शोध असाच असतो, आणि कॉलम शिवून तयार केलेल्या मजकुराची तर इंडेक्स आधीपासून नसतेच.

रोज वापरायची शोधपेटी असेल तर तिच्यासाठी वेगळी तयारी करावी. मायएसक्यूएलची फुलटेक्स्ट इंडेक्स, म्हणजे मजकुरातल्या शब्दांची इंडेक्स, अनेक कॉलमांवर मिळून करता येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फुलटेक्स्ट शोधाच्या कन्टेन्स या शब्दाबरोबर चक्क स्टार चालतो, म्हणजे मघाचा व्हेअरमधला स्टार इथे भेटतो, पण ज्या कॉलमांवर अशी इंडेक्स आहे तेवढ्यांपुरताच. फुलटेक्स्ट मुख्यतः शब्द शोधतं, नंबरच्या मधले अंक नाही. त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांची इंडेक्स आहे: ४४०१७ चे तुकडे ४४०, ४०१, ०१७, आणि हे तिन्ही तुकडे ज्यांत आहेत तेवढ्याच ओळी तपासायच्या.

मराठी माहितीसाठी याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. शोध बरोबर, क्वेरी बरोबर, नाव डोळ्यांना दिसतंय, तरी सापडत नाही. वकिलांच्या नावाआधी लिहिलं जाणारं 'ॲड.' घ्या. यातलं ॲ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संकेत देणाऱ्या मानकात, २००८ साली आलं. त्याआधी, आणि पुष्कळ कळफलकांवर आजही, ते अ आणि वर चंद्र असं दोन चिन्हांनी लिहिलं जातं. पडद्यावर दोन्ही सारखेच. युनिकोडच्या दृष्टीने दोन वेगळे मजकूर. कऱ्हाडचं तसंच. त्यातला अर्धा र कोणी ऱ या अक्षराने लिहितं, कोणी साध्या र पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पुन्हा 'कराड' असं लिहिणारे आहेतच. ऱ हे अक्षर स्वतःसुद्धा एका संकेताने किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) अशा दोन संकेतांनी साठवलेलं असू शकतं. यांतली शेवटची जोडी युनिकोडच्या सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एका रूपात आणण्याच्या ठरलेल्या रीतीने, एकरूप होते आणि पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून त्यासाठी फंक्शनही आहे. बाकीच्या जोड्या त्याने जुळत नाहीत. त्यांचे नियम आपणच लिहावे लागतात.

आकड्यांचं दुखणं तर आपल्या लिपिकाच्या थेट वाटेतच आहे. एकाने मोबाईल देवनागरी आकड्यांत टाकलाय, दुसऱ्याने इंग्रजी आकड्यांत. पोस्टग्रेस साधारणपणे हे दोन्ही वेगळे मानतो, मायएसक्यूएलमध्ये ते कॉलमच्या कोलेशनवर, म्हणजे अक्षरांच्या तुलनेच्या नियमांवर, ठरतं. त्यात कोणी आधी +९१ लावतं, कोणी शून्य, कोणी पाच अंकांनंतर जागा सोडतं. आणि जुन्या संस्थांमध्ये श्रीलिपीसारख्या युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं असली, तर पडद्यावर मराठी दिसत असताना आत निराळीच चिन्हं साठवलेली असतात. युनिकोडमध्ये लिहिलेला 'पाटील' तिथे कधीच जुळणार नाही. म्हणून शोधासाठी एक वेगळा कॉलम ठेवावा असं मला मनापासून वाटतं: मूळ माहितीला हात न लावता त्यात एका रूपात आणलेला मजकूर ठेवायचा. अदृश्य चिन्हं काढलेली, ॲ एकाच पद्धतीचा, आकडे एकाच लिपीत, नंबरमधल्या जागा आणि रेघा गेलेल्या. शोधायची किंमतही त्याच चाळणीतून काढायची.

आणखी एक गोष्ट, आणि ती तंत्राची नाही. सगळ्या कॉलमांत शोधणारा माणूस सगळे कॉलम बघतो. चार-पाच अंकांचा तुकडा शोधला तर तो कोणाच्या १२ अंकी आधार क्रमांकात जुळतो, कोणाच्या खाते क्रमांकात, आणि लिपिकासमोर नको त्या माणसाची नको ती माहिती येते. शोधायचे कॉलम निवडून द्यावेत आणि बाकीचे त्या लॉगिनला दिसूच नयेत. उलट बाजूही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याच्या आणि खोडून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. 'माझा नंबर काढून टाका' असं कोणी म्हटलं तर तो कुठे कुठे आहे हे संस्थेला आधी कळायला हवं. म्हणजे असा शोध नीट घेता येणं हीसुद्धा जबाबदारीच.

आपल्या लिपिकाचा नंबर शेऱ्यात सापडला. सातबाऱ्यावर जसा 'इतर हक्क' हा रकाना असतो, कर्जाचा बोजा, कुळाची नोंद, सगळं पोटात घेणारा, तसाच इथला शेरा. 'पर्यायी मोबाईल २' भरलेला होता, म्हणून कोणीतरी तिसरा नंबर तिथे लिहून ठेवला. लिहिणाऱ्याचं काही चुकलं नाही. टेबलमध्ये जागाच नव्हती. मोबाईल १, मोबाईल २, मोबाईल ३ असे कॉलम वाढवत जाणं हा त्यावरचा इलाज नव्हे. नंबरांचं वेगळं टेबल करावं: सभासद क्रमांक, नंबर, कोणाचा. मग एका सभासदाचे सात नंबर असले तरी शोध एकाच कॉलममध्ये, इंडेक्ससह.

ते टेबल भरायला घेतलं की हाच शोध शेवटचा एकदा चालवायचा, पण या वेळी एक नंबर शोधायचा नाही. नंबराचा आकार शोधायचा: ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होणारे सलग १० अंक, दोन्ही लिप्यांत, मजकुराच्या प्रत्येक कॉलममध्ये. उभ्या केलेल्या टेबलावर तो लावला की पत्त्यात, वारसदाराच्या नावापुढे, शेऱ्यात लपलेले नंबर कॉलमच्या नावासकट बाहेर येतात. ती यादी छापून काउंटरवर ठेवायची आणि सभासद येतील तसं एकेकाला विचारायचं: हा नंबर तुमचाच ना?